कळकलेलं ताक, कळकलेलं पाणी

आमच्या शेजारचे भाऊ नागपुरातल्या कामठी रोडवर तीस वर्षांपासून बॅटरी दुरुस्तीचं दुकान चालवतात. गेल्या दिवाळीनंतर पोट जड वाटतं, थकवा जात नाही, म्हणून त्यांनी सोनोग्राफी केली. रिपोर्टवर ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी साठलेली, असं आलं. रक्तातली साखर वाढलेली, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटीही वाढलेलं. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, ‘घेता का?’ भाऊ म्हणाले, ‘नाही जी, माळकरी माणूस आहो मी.’ मग वजन कमी करा, भात सोडा, तळलेलं बंद, रोज चाला, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. सल्ला चांगलाच होता आणि भाऊ तो पाळतातही. पण ‘काम काय करता?’ असं त्यांना कुणी विचारलं नाही. तीस वर्षं त्यांनी जुन्या बॅटऱ्या फोडल्या, लोखंडी कढईत शिसं वितळवलं, त्याच्या पट्ट्या ओतल्या आणि संध्याकाळी त्याच शर्टावर घरी येऊन आधी मुलांना आणि आता नातवाला मांडीवर घेतलं.

भाऊंचं यकृत शिशानेच बिघडलं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. माझी तक्रार न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० साली आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं होतं की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला: तुझा धंदा काय? तीनशे वर्षं उलटून गेली. नागपुरात, जिथे एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला मँगनीज आणि डोक्यावर औष्णिक केंद्रांच्या चिमण्या आहेत, तिथे हा प्रश्न पहिल्या पाचांत असायला हवा. आणि त्याच्या जोडीला आणखी एक हवा: पाणी कुठलं पिता?

यकृताचा आजार म्हटला की आपल्याकडे तो माणसाच्या चारित्र्याचा दाखला होतो. पिणारा असेल तर ‘भोग आता’, आणि न पिणारा असेल तर ‘खादाड, आळशी’. यात सत्याचा अंश मोठा आहे, हे मी मान्य करतो. फॅटी लिव्हरच्या बहुसंख्य रुग्णांमागे वाढलेलं वजन, मधुमेह, बैठं काम आणि दारू हीच कारणं असतात. पण सगळा दोष माणसाच्या ताटात शोधण्याची सवय लागली की त्याच्या विहिरीकडे, कारखान्याकडे आणि अंगणात साचलेल्या राखेकडे नजर जातच नाही. माझा आक्षेप या सवयीला आहे.

यकृत आणि धातू यांचं नातं महाराष्ट्राला नवं नाही. उलट, या नात्यातला एक मोठा धडा जगाला महाराष्ट्रानेच दिला, आणि आज त्याची आठवण फारशी कुणाला नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. वैद्यकात त्याचं नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ असं होतं. सिऱ्हॉसिस म्हणजे यकृत कायमचं कठीण, निबर होणं. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचं मूल, पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं घट्ट, नंतर कावीळ, आणि बहुतेकदा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात दोन-दोन मुलं जायची. लोक शापाचं बोलायचे, डॉक्टर आनुवंशिकतेचं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या आनंद पंडित, शीला भावे यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या घरातली भांडी पाहायला सुरुवात केली. मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं होतं. ते येत होतं पितळेच्या आणि तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलेल्या, साठवलेल्या दुधातून. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात, आणि बाळाचं कोवळं यकृत ते बाहेर टाकू शकत नाही. १९८३ साली हा शोध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. भांडी बदलली, स्टील आलं, आयांना सांगितलं गेलं, आणि काही वर्षांत हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पद्धत. डॉक्टर रुग्णाच्या घरात गेले आणि त्यांनी विचारलं, दूध कशात तापवता? आपल्या आज्यांना या प्रकाराची जाण होतीच. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते ‘कळकलं’ म्हणायच्या आणि फेकून द्यायच्या. कल्हईवाला गल्लीत आला की भांडी बाहेर निघायची. धातू अन्नात उतरतो आणि ते अन्न मग खाण्याजोगं राहत नाही, एवढं सगळं ज्ञान ‘कळकणे’ या एका क्रियापदात मावलेलं आहे. पण कळकलेलं ताक हिरवट दिसतं आणि जिभेला लागतं. कळकलेलं पाणी ना दिसतं ना जिभेला लागतं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांना रंग नाही की वास नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम ०.००३ पेक्षा नको, पारा ०.००१ पेक्षा नको. हे मोजायला यंत्र लागतं, आजीची जीभ पुरत नाही.

हे धातू शरीरात करतात काय, ते थोडं समजून घ्यायला हवं. नाहीतर ‘विषारी, विषारी’ म्हणून नुसती ओरड होते. आतड्यात शोषलेलं बहुतेक सगळं रक्तावाटे आधी यकृतात जातं. शरीराचा जकात नाकाच तो. (मराठीत ‘काळीज’ हा शब्द ज्या संस्कृत शब्दातून आला त्याचा अर्थ यकृत. हृदयाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ म्हणताना आपण मूळ अर्थच वापरतो.) या नाक्यावर ग्लुटाथायोन नावाचा एक रेणू पहारेकरी असतो. धातू त्याला चिकटतात आणि तो खर्ची पडतो. पहारा कमी झाला की पेशींमधले ऊर्जा बनवणारे कण, मायटोकाँड्रिया, जखमी होतात आणि चरबी जाळण्याचं काम मंदावतं. आर्सेनिक तर साखरेपासून ऊर्जा काढण्याच्या वाटेवरचं एक कळीचं विकरच (एन्झाइम) अडवून धरतं. शिसं ‘हीम’ बनवणाऱ्या विकरांना रोखतं. हीम म्हणजे रक्ताच्या लाल रंगाचा गाभा, पण यकृतात औषधं आणि विषं मोडणारी यंत्रणाही त्याच हीमवर चालते. कॅडमियमला यकृत मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनात बांधून ठेवतं. पण हळूहळू ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि तिथून निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणजे विशीत शरीरात गेलेलं कॅडमियम पन्नाशीतही तिथेच असतं.

ही केवळ प्रयोगशाळेतली गोष्ट नाही. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त हातपंपांचं पाणी वर्षानुवर्षं प्यालेल्या, दारूला न शिवणाऱ्या माणसांच्या यकृतात तंतू वाढलेले आढळले. प्लीहा सुजलेली, यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढलेला. याच आर्सेनिकचा मधुमेहाशी संबंध तैवान आणि बांगलादेशातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा समोर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या प्रौढांमध्ये ज्यांच्या रक्तात शिसं आणि पारा जास्त, त्यांच्यात यकृताची विकरं दुसरं कारण दिसत नसताना वाढलेली असण्याचं प्रमाणही जास्त निघालं. अशी पाहणी कार्यकारण सिद्ध करत नाही, संबंध दाखवते. पण संबंध दिसल्यावर निदान विचारपूस करायची की नाही? आणि आर्सेनिक फक्त गंगेकाठचंच म्हणाल, तर नागपूरहून रायपूरच्या वाटेवर लागणाऱ्या राजनांदगावकडच्या कौडीकसा गावच्या पाण्यात ते नव्वदच्या दशकाअखेरीस सापडलं होतं.

आता आपल्या अंगणाकडे येतो. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रं आहेत. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के. कोळसा जळून जातो, पण त्यातले धातू जळत नाहीत. ते राखेत एकवटतात, आणि पारा तर चिमणीतून वाफेच्या रूपात निघून जातो. ही राख पाण्यात कालवून पाइपांनी खसाळा, वारेगाव, नांदगावच्या तलावांत सोडली गेली. २०२१ साली मंथन अध्ययन केंद्र आणि नागपुरातल्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंटनं या परिसरातलं पाणी आणि राख तपासून अहवाल दिला. काही ठिकाणी जड धातू मर्यादेपेक्षा जास्त निघाले. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या पावसाळ्यात, खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, ओढ्यांत पसरला. याच परिसरातली कोलार नदी बीना संगमावर कन्हान नदीला मिळते. कन्हानचं पाणी नागपूरच्या नळांना येतं. त्यामुळे ‘ते खेड्यांचं दुखणं आहे’ असं म्हणून शहराला हात झटकता येणार नाहीत.

नळाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं, तिथे तपासणी होते. हा दिलासा शहराला आहे. वारेगाव-नांदगावकडच्या ज्या घरात बोअरवेलचा पंप आहे त्याला तो नाही. उन्हाळ्यात वारा सुटला की वाळलेल्या राखेचा थर भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पालेभाजीवर बसतो, हे तिथली कुठलीही बाई सांगेल. सगळ्यात बारीक कणांवरच आर्सेनिक, सेलेनियमसारखे धातू जास्त चिकटलेले असतात, कारण चिमणीत थंड होताना त्यांची वाफ तिथेच गोठते. बारीक कण म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे कण.

यात आणखी एक दुष्टचक्र आहे. मानसर, कांद्रीचं मँगनीज आपल्या जिल्ह्याचं भूषण. मँगनीज काढणाऱ्या ‘मॉइल’ या सरकारी कंपनीचं मुख्यालयही नागपुरातच. मँगनीज शरीराला थोडं लागतंच, जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. पण यकृतच आजारी असेल तर ते साचतं आणि मेंदूत जाऊन बसतं. सिऱ्हॉसिसच्या रुग्णांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये ते दिसतं. म्हणजे दारूने किंवा साखरेने बिघडलेलं यकृत धातूंना आणखी मोकळं रान देतं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात शिसं जास्त शोषलं जातं, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसं साधारण दहावा भाग घेतात तर लहान मुलं जवळपास निम्मं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. आपल्या अंगणवाडीतलं मूल शिशासाठी दार उघडं ठेवूनच बसलेलं आहे.

खर्ऱ्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण नागपुरात राहून त्याबद्दल न बोलणं खोटेपणाचं होईल. पन्नीवर घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. तोंडाच्या कर्करोगाची चर्चा होते, व्हायलाच हवी. पण तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानात ओढून घेण्यात पटाईत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. राखेच्या तलावाशेजारी राहणारा, दिवसाला चार खर्रे खाणारा, रक्तक्षयी ट्रकचालक डोळ्यांसमोर आणा. त्याच्या यकृतावर किती दिशांनी मारा होतो! आणि दवाखान्यात त्याला विचारलं जाईल ते फक्त ‘घेता का?’

मग काय करायचं? माझी मागणी साधी आहे, आणि ती नागपुरात पुरी होऊ शकते. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ हा आजारांचा धोका तपासणारा फॉर्म भरतात. त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर विचारतात. फुप्फुसाच्या आजारासाठी चुलीचं इंधन कोणतं आणि कामाच्या जागी धूर-धूळ आहे का, हेही त्याच फॉर्ममध्ये आहे. म्हणजे धंदा आणि घर विचारण्याची जागा सरकारनेच तयार ठेवलेली आहे. तिथे पाण्याचा स्रोत आणि शिसं, बॅटरी, भंगार, रंग, राख यांच्याशी संबंध, असे दोन रकाने वाढवा. २०२१ पासून फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झालेला आहेच. आणि ज्यांचं उत्तर ‘हो’ येईल त्यांच्या रक्तातलं शिसं मेडिकल, मेयो, एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत फुकट मोजा. जागतिक आरोग्य संघटना रक्ताच्या एका डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असेल तर त्याचा उगम शोधायला सांगते, आणि शिशाची निर्धोक पातळी अशी कोणतीच नाही, असंही सांगते.

राख तलावांभोवतीच्या गावांतल्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीचं आणि बोअरचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून ते आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत रंगवा. संकेतस्थळावरची पीडीएफ फाइल नको. भिंत हवी, जिथे पाणी भरायला जाणारी बाई येता-जाता वाचेल.

यंत्रं नाहीत, माणसं नाहीत, असं नागपूरला म्हणता येत नाही. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था इथे आहे. १९५८ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच ‘सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी’ होतं, पर्यावरण हा शब्द १९७४ साली आला. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे, ॲल्युमिनियमची राष्ट्रीय संशोधन संस्था वाडीला. खनिजात कुठला धातू किती, हे दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत सांगणारी माणसं या शहरात स्कूटरवर कामाला जातात. मँगनीजच्या दगडाची प्रत आपण रोज मोजतो. त्याच दगडावर बसलेल्या मुलाचं रक्त मोजायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला: वीज नको का? कोराडीच्या गेटवर ज्यांची पोटं चालतात त्यांचं काय? २०२३ च्या मे महिन्यात नव्या संचांसाठी कोराडीत भर उन्हात जनसुनावणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं इथलीच होती. मी केंद्र बंद करा म्हणत नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या राख अधिसूचनेनं संपूर्ण राख वापरायची अट घातली आहे आणि न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये भरपाई लावली आहे. कायदा आहे. तो पाळला गेला की नाही, हे शेजाऱ्याच्या विहिरीतून कळतं, म्हणून ती विहीर मोजा.

दुसरा आक्षेप डॉक्टर मित्रांचा: लोक घाबरतील आणि ‘बॉडी डिटॉक्स’च्या दुकानात जातील. ही भीती खरी आहे. धातू बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती ठरावीक पातळीच्या वर, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यायची असतात. उगाच घेतली तर शरीरातलं कॅल्शियम आणि जस्तही ओढून नेतात. शिवाय रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांच्या शाखेत, ‘नाग’ म्हणजे शिसं, हे माहीत नसलेला माणूस थकव्यावर नागभस्म घेऊन बसला तर तो आगीत तेल ओतेल. पण भीतीवरचा उपाय आकडा दडवणं हा नव्हे. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट मिसळलं जायचं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं निघालं. सरकारनं ते लपवलं नाही. वर्तमानपत्रांत छापलं, बाजारात नोटिसा लावल्या, व्यापाऱ्यांना दंड केला. २०२१ मध्ये नमुन्यांत शिसं सापडेनासं झालं, आणि हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलंही उतरलं. दोन वर्षांत! आपल्या शेजारच्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. खरी हळद पिकवणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या भल्यासाठी तरी भेसळीचा आकडा उघडा व्हायला हवा.

भाऊंना मी रक्तातलं शिसं तपासायला लावलं. नागपुरातल्या एका लॅबनं नमुना घेतला आणि बाहेरगावी पाठवला. आकडा मर्यादेच्या बराच वर आला. त्यांच्या डॉक्टरांनी तो पाहिला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदा विचारलं, ‘काका, काम नेमकं काय करता?’ मग अर्धा तास बोलणं झालं. भट्टी बंद करायची, दुकानातले कपडे दुकानातच ठेवायचे, घरी येण्याआधी अंघोळ करायची, लोह आणि कॅल्शियम तपासायचं. यकृताचं पथ्य होतं तसंच चालू ठेवायचं, कारण ते कारणही खोटं नव्हतं. उठताना डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला, ‘घरात लहान मूल आहे का?’

नातू अडीच वर्षांचा आहे. दुकानाच्या ओट्यावर खेळतो आणि हाताला येईल ते तोंडात घालतो. त्याचं रक्त सोमवारी घेणार आहेत.